मर्थर टिडफिल: चार लोखंड कारखान्यांचं गाव कशामुळे खचलं?

सांडशी (धागाकर्ता)

दक्षिण वेल्समधलं मर्थर टिडफिल. 1801 च्या जनगणनेत 7,705 माणसं, म्हणजे तेव्हाचं वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव. त्याच वर्षी कार्डिफ होतं फक्त 1,870 चं. पन्नास वर्षांत मर्थर 46,378 वर पोचलं. गावात चार कारखाने: डाउलाइस (1759), प्लिमथ (1763), कवार्थवा (1765) आणि पेनिडॅरन (1784). 1845 मध्ये एकट्या डाउलाइसात 18 झोतभट्ट्या (ब्लास्ट फर्नेस), सुमारे 7,300 कामगार आणि वर्षाला 88,000 टनांहून जास्त लोखंड. त्या काळी जगात याच्या तोडीचे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आज तिथे एकही भट्टी पेटत नाही.

का, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एका ओळीचं उत्तर मिळतं: खनिज संपलं. मला ते पटत नाही. माझं मत असं की गावात लोखंड तयार झालं, पण त्या लोखंडाचं पुढे काहीच तयार झालं नाही. सळया आणि रूळ बनवायचे, खाली बंदराकडे रवाना करायचे. कुलपं, अवजारं, यंत्रं बनली ती बर्मिंगहॅमकडे. जाणकारांनी खोडून काढावं किंवा भर घालावी. भट्टीच्या आतलं कळणाऱ्यांनी तर जरूर लिहावं.

---

भाता

आधी कारखाने तिथेच का आले ते पाहू, मग उठले का ते कळेल.

कोळशाच्या थरांच्या अधेमधे शेल खडकात लोहखनिजाचे गोटे आणि पातळ पट्टे होते. कोळसा कोक (भाजून केलेलं भट्टीचं इंधन) होण्याजोगा. चुनखडी थोड्या मैलांवर उत्तरेला. टॅफ नदीला उतार चांगला, त्यामुळे पाणचक्कीवर भाते चालत. भट्टीच्या अस्तराला लागणारा उष्णता सोसणारा दगडही जवळच. सगळा माल गाढवाच्या एका खेपेच्या टप्प्यात. जमीन तर मातीमोल: कवार्थवाच्या अँथनी बेकनने सुमारे 4,000 एकर 99 वर्षांच्या कराराने घेतले, वर्षाला 100 पौंडांवर.

खनिज काढायची सुरुवातीची रीत ऐका. डोंगरउतारावर वरच्या अंगाला बांध घालून पाणी साठवायचं आणि एकदम फोडायचं. लोंढ्याबरोबर माती वाहून जाते, खनिजाचे गोटे उघडे पडतात, ते वेचायचे. खर्च नाममात्र. पण उतार कायमचा सोलून निघतो आणि खालचे ओढे गाळाने भरतात. वरचे गोटे वेचून झाले की भुयार खणायचं आणि बोटभर पट्ट्यासाठी हातभर शेल फोडायचा. म्हणून धागाकर्त्यांशी अर्धा सहमत आहे. खनिज संपलं नव्हतं, काढणं महाग पडायला लागलं होतं.

---

पाचर

उच्चाराचं आधी. वेल्शमध्ये एकटा एफ म्हणजे 'व'. म्हणून 'सायफार्थफा' नाही, कवार्थवा. तसंच शेजारचं अ‍ॅबरव्हॅन, 'अबरफॅन' नाही. धागाकर्त्यांनी बरोबर लिहिलंय, पुढच्यांनी बिघडवू नये ही विनंती. 🙂

---

हिशेबनीस

वाहतुकीशिवाय हा विषय पुराच होत नाही.

रस्त्याने दोन टन लोखंड कार्डिफला न्यायचं तर चार घोडे, एक माणूस, एक पोरगा. 1794 ला ग्लॅमॉर्गनशर कालवा सुरू झाला आणि तोच माणूस, तोच पोरगा, एका घोड्यावर 24 टन नेऊ लागला. बारा पट माल, चौथाई घोडे. कालवा 25 मैलांचा, पण उतार एवढा की जवळपास पन्नास जलपाशांची (नावेला वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांची) शिडी चढावी-उतरावी लागे. प्रत्येक पाशातून नाव गेली की पाणी खाली जातं. उन्हाळ्यात पाणी कमी, नावा रांगेत, आणि कालव्याच्या कारभारावर वजन कवार्थवाच्या रिचर्ड क्रॉशेचं.

चार कारखाने, एक नदी, एक कालवा. नळावरची भांडणं होणारच! डाउलाइस, पेनिडॅरन आणि प्लिमथ या तिघांनी मिळून वरचा सगळा जलपाशांचा टप्पा टाळणारा ट्रामरस्ता अ‍ॅबरकिनॉनपर्यंत घातला, 1802 मध्ये तो चालू झाला. घोडे रुळांवरून गाड्या ओढत.

---

रूळवाला

आणि त्याच रस्त्यावर 21 फेब्रुवारी 1804 ला अभियंता ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन धावलं. 10 टन लोखंड, पाच गाड्या, वर बसलेली 70 माणसं, पावणेदहा मैल, चार तास पाच मिनिटं. वाटेत झाडं तोडावी लागली, दगड बाजूला करावे लागले, म्हणून वेळ जास्त. पेनिडॅरनच्या सॅम्युएल हॉमफ्रेने क्रॉशेशी 500 गिनींची पैज लावली होती.

इंजिन चाललं, रस्ता टिकला नाही. यातला तपशील महत्त्वाचा आहे. रूळ म्हणजे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या), काटकोनात उभी कड असलेल्या, साधारण तीन फुटी पट्ट्या. चाकाला कड नाही, पट्टीला आहे. पट्टी दोन्ही टोकांना दगडी ठोकळ्यांवर टेकलेली. ठोकळ्याला भोक, भोकात लाकडी गुट्टी, गुट्टीत खिळा. मध्ये आधार नाही. बीड दाबाला बळकट, पण वाकवलं की खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथून तडकतं. घोड्याच्या गाडीचं वजन चार चाकांवर वाटलेलं आणि हळू चालणारं, ते पट्टी सोसायची. पाच टनांचं इंजिन, त्यात एकाच सिलिंडरचे धक्के. पट्ट्या मोडत गेल्या. दोष इंजिनात नव्हता. घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटता यायला लागल्यावरच रेल्वे जमली, आणि पुढे ते रूळ जगभर पाठवून डाउलाइस श्रीमंत झालं.

---

घणाघात

धागाकर्त्यांनी आतलं विचारलंय, तर पडलिंगवर, म्हणजे बीड ढवळून त्याचं घडीव लोखंड करण्यावर, लिहितो. मर्थरचा सगळा पैसा या एका कामावर उभा होता.

झोतभट्टीतून निघतं ते बीड: कार्बन साडेतीन-चार टक्के, ओतायला छान, ठोकायला निरुपयोगी. त्यातून कार्बन काढला की घडीव लोखंड. हेन्री कॉर्टची 1784 ची पद्धत क्रॉशेने कवार्थव्याला आणून नीट बसवली. तिला लोक 'वेल्श पद्धत'च म्हणायला लागले, इतकी ती या गावाची झाली.

क्रम असा. आधी बीड कोकच्या खुल्या भट्टीत वितळवून, वरून झोत मारून सिलिकॉन जाळायचा, पातळ लादी ओतायची आणि पाणी मारून फोडायची. मग ते तुकडे पडलिंग भट्टीत. इथे जाळ एका बाजूला, लोखंड दुसऱ्या बाजूला, मध्ये बुटकी भिंत. ज्वाळा छताला आपटून लोखंडावर वाकते. कोळसा लोखंडाला शिवत नाही, म्हणून कोळशातलं गंधक फारसं उतरत नाही. एका खेपेला साधारण 200 किलो.

वितळलं की पडलर टोकाला वाकवलेली लांब सळई दारातल्या भोकातून आत घालून ढवळत राहतो. पृष्ठभागावर निळ्या ज्योती फुटतात, तो कार्बन जळत असल्याचा खुणेचा दिवा. ज्योती मंदावतात आणि ढवळणं जड होत जातं. कारण सरळ आहे: बीड 1,150 ते 1,200 अंशांना वितळतं, शुद्ध लोखंडाला 1,538 लागतात, आणि भट्टी तेवढी तापत नाही. म्हणजे जसजसा कार्बन जातो तसतसा माल भट्टीतच गोठायला लागतो. दह्यात लोणी धरावं तसे कण धरू लागतात. त्याच वेळी त्याचे 35-40 किलोचे पाच-सहा गोळे वळायचे, सांडशीने ओढून घणाखाली न्यायचे. घण पडला की मळी (लोखंडातली वितळलेली घाण) चरचरत बाहेर फेकली जाते. मग खाचांच्या लाटण्यांतून लाटायचं, पट्टी तोडायची, तुकडे रचून बांधायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा लाटायचे.

चुकतं कुठे? गोळा लवकर काढला तर आत कच्चं बीड राहतं आणि लाटताना चिरतो. उशीर केला तर लोखंडच जळून मळीत जातं. घण नीट बसला नाही तर मळीची रेघ आत राहते, आणि रुळाचा वरचा थर वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो. सुरुवातीला भट्टीचा तळ वाळूचा असे. वाळू लोखंडाचा ऑक्साइड खाते, म्हणून नुकसान फार. पुढे जोसेफ हॉलने तळाला लोहऑक्साइड भरायची रीत आणली तेव्हा ती गळती कमी झाली.

बारा तासांच्या पाळीत सहा खेपा म्हणजे एका भट्टीचे सव्वा टन. जास्त माल हवा तर जास्त भट्ट्या, जास्त पडलर. हे हातकाम यंत्राला देण्याचे प्रयत्न झाले, डाउलाइसातही झाले, पण बसले नाहीत. हा कळीचा मुद्दा ध्यानात ठेवा.

---

लिंबोणी

घणाघात, वाचनखूण साठवली. दह्या-लोण्याच्या उपमेने एकदम डोळ्यासमोर आलं.

एक शंका: हिवाळ्यात झोतभट्टी जास्त लोखंड देते असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

---

भाता

लिंबोणी, खरं आहे. भट्टीवाल्यांना तो अनुभव पिढ्यान्‌पिढ्या होता. त्यावरून त्यांचा समज झाला की हवा जितकी थंड तितकी चांगली. खरं कारण बाष्प. उन्हाळ्याच्या हवेत पाणी जास्त, ते फुटायला उष्णता खातं, भट्टी थंडावते. 1828 मध्ये नीलसनने हवा आधी तापवून सोडायची युक्ती काढली आणि कोळसा वाचला, तेव्हा तो समज मोडला.

भट्टी थंडावली की काय होतं तेही सांगतो. माल वरून खाली सरकायच्या ऐवजी भिंतींना चिकटून कमान धरतो. खाली पोकळी होते. मग ती कमान अचानक कोसळते आणि तोंडातून जाळ उसळतो. तळाशी लोखंड गोठलं तर सगळी भट्टी फोडून ढेकूळ काढावं लागतं, महिनोन्‌महिने उत्पन्न बंद. म्हणून संप असो, मंदी असो, भट्टी विझवायला मालक शेवटपर्यंत कचरायचे. झाकून, दाबून धरायचे, पण विझवायचे नाहीत.

---

चुनखडी

उत्पादनाचे आकडे झाले, आता ते करणाऱ्या माणसांचं. मला या धाग्यात ते हवंच आहे.

नदीचं पाणी आधी कारखान्याच्या चाकांना. वस्तीला पाणी झऱ्यांवरून, तासन्‌तास रांगा. मैला रस्त्यावर. 1849 च्या पटकीत 1,400 हून अधिक माणसं गेली. सरकारी निरीक्षक रॅमेलचा अहवाल 1850 चा, आणि नळाचं पाणी आलं 1860 च्या दशकात. बायका आणि मुली खनिज निवडायच्या, चुनखडी फोडायच्या, कोकच्या आवारात राबायच्या.

1831 चा उठाव तर सगळ्यांनी माहीत करून घ्यावा. लोखंडाचा भाव पडला, कवार्थवाच्या विल्यम क्रॉशेने मजुरी कापली, 84 पडलरांना काढलं. त्याच वेळी उधारीच्या कोर्टाचे बेलीफ घरातली गादी आणि भांडी उचलून नेत होते. लोकांनी ते कोर्ट लुटलं, लाल झेंडा फडकवला. कासल इनपुढे सैनिकांनी गोळ्या झाडल्या, किमान 16 माणसं मेली. एका सैनिकाला भोसकल्याच्या आरोपावरून रिचर्ड लुइस, ज्याला सगळे डिक पेंडेरिन म्हणतात, त्याला 13 ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी दिलं. वेल्समध्ये तो आजही निर्दोष हुतात्मा मानला जातो.

---

आडकित्ता

म्हणजे मालकांच्या हट्टानेच गाव बुडालं असं म्हणायला हरकत नाही. रॉबर्ट थॉम्प्सन क्रॉशेने 1874 ला कामगारांशी तंटा झाल्यावर कवार्थवा बंद केला आणि पोलादाकडे वळायला नकार दिला. मुलांनी 1884 ला पोलाद कारखाना म्हणून उघडला, पण दहा वर्षं गेली ती गेलीच. 1910 ला बंद, महायुद्धात पुन्हा थोडा काळ चालू, 1919 ला कायमचा बंद. वेनॉरला रॉबर्टच्या थडग्यावर कोरलंय: 'देवा, मला क्षमा कर'.

---

मूस

आडकित्ता, हट्ट होताच. पण मग डाउलाइसचं काय? त्यांनी हट्ट केला नाही. बेसेमरच्या पद्धतीचा (वितळलेल्या बिडात हवा फुंकून पोलाद करायचं) परवाना घेणारे ते पहिले, 1856 मध्येच. तरी पहिलं पोलाद निघालं 1865 ला. नऊ वर्षं कुठे गेली?

फॉस्फरसमध्ये. बेसेमरने स्वतःच्या प्रयोगात ब्लेनॅव्हनचं बीड वापरलं होतं, त्यात योगायोगाने फॉस्फरस कमी होता. परवानाधारकांनी आपलं बीड घातलं आणि थंड झाल्यावर काचेसारखं मोडणारं पोलाद निघालं. पडलिंगमध्ये फॉस्फरस बराचसा मळीबरोबर जातो. बेसेमरच्या पात्राचं अस्तर आम्लधर्मी, त्यात तो एक कणही जात नाही. घणाघात यांनी सांगितलेल्या हातकामाची ही अदृश्य बाजू: पडलर कार्बनच नाही, फॉस्फरसही काढत होता.

म्हणजे घरचं खनिज होतं तिथेच होतं, पण नव्या पद्धतीला नालायक ठरलं. आणि घडीव रूळ चालवत राहणंही शक्य नव्हतं. डर्बी स्थानकावर जिथे घडीव रूळ सहा महिन्यांत झिजत, तिथे 1857 ला टाकलेला पोलादी रूळ सोळा वर्षं टिकला. गिऱ्हाईक पुन्हा घडीव का घेईल?

मग मेनेलॉस या मॅनेजरच्या काळात डाउलाइसने स्पेनकडे तोंड वळवलं. बिल्बाओजवळचं कमी फॉस्फरसचं खनिज. 1873 ला तिथली ओर्कोनेरा कंपनी उभी राहिली, भागीदार डाउलाइस, कॉन्सेट, जर्मनीचे क्रुप आणि स्पेनचे इबारा.

---

हिशेबनीस

मूस यांच्या मुद्द्यावर साधं गणित मांडतो.

स्पॅनिश खनिजात लोखंड साधारण निम्मं. एक टन बीड हवं तर दोन टन खनिज. ते कार्डिफच्या गोदीत उतरवायचं आणि वीसेक मैल डोंगर चढवून समुद्रसपाटीपासून हजार फुटांवरच्या डाउलाइसला न्यायचं. रूळ झाले की पुन्हा खाली. प्रत्येक टन मालामागे दोन टन चढण. उलट भट्टी गोदीवरच बांधली तर खनिज जहाजातून थेट भट्टीत, आणि कोळसा उतारावरून आपोआप खाली येतो.

कंपनीने नेमकं तेच केलं. 1891 ला कार्डिफच्या ईस्ट मूर्सवर नव्या भट्ट्या पेटल्या. कारखाना मेला नाही, डोंगर उतरून गेला. मालक तेच, नाव तेच. गाव तेवढं वर राहिलं. डाउलाइसचं मुख्य काम 1930 ला थांबलं, एक ओतशाळा मात्र 1987 पर्यंत होती.

---

रूळवाला

आणि माणसंही उतरून गेली. मर्थरचाच जॉन ह्यूज 1870 मध्ये दक्षिण वेल्सचे शंभरेक कारागीर घेऊन रशियन साम्राज्यात गेला. त्याने वसवलेल्या गावाचं नाव युझोवका, आजचं युक्रेनमधलं डोनेत्स्क.

---

पाचर

अवांतर: डाउलाइसच्या गेस्ट घराण्याचं नाव आपल्याकडेही होतं. गेस्ट, कीन आणि नेटलफोल्ड्स म्हणजे जीकेएन. तिच्या इथल्या शाखेचा, गेस्ट कीन विल्यम्सचा, मुंबईत भांडुपला कारखाना होता. तिथल्या 'गेस्ट'चा उगम हा. आणि 2023 ला जीकेएनचा मोटारींच्या भागांचा धंदा वेगळा झाला तेव्हा नव्या कंपनीला नाव दिलं डाउलाइस!

---

आडकित्ता

पाचर, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मूस आणि हिशेबनीस यांचं वाचून माझं मत बदललं. हट्टामुळे कवार्थवा आधी गेला एवढंच. हट्ट नसता तरी गेलाच असता.

---

सांडशी

सगळ्यांचे आभार. आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, कारण मला तो अजून सोडवत नाही.

कार्डिफला भट्ट्या गेल्या, ठीक. पण भट्टी गेली म्हणून गाव का बसावं? बर्मिंगहॅमच्या आजूबाजूच्या भट्ट्याही विझल्याच. तिथे कुलूपवाले, साखळीवाले, खिळेवाले, बंदूकवाले, शेकडो छोटे कारखाने होते, त्यांनी लोखंड बाहेरून आणलं. मर्थरमध्ये चार मालकांनी जमीन, पाणी, घरं, काही ठिकाणी दुकानंसुद्धा हातात ठेवली. पेनिडॅरनच्या दुकानातून मजुरी वसूल व्हायची. मधला कारागीर मालक उभाच राहिला नाही. रस इथे गाळायचा आणि गूळ दुसऱ्या गावाला, असा प्रकार.

परिणाम बघा. 1921 ला सुमारे 80 हजार वस्ती, 1951 ला सुमारे 61 हजार. 1936 च्या नोव्हेंबरात राजा आठवा एडवर्ड डाउलाइसच्या मोडक्या कारखान्यासमोर उभा राहून म्हणाला की या कारखान्यांनी ही माणसं इथे आणली, त्यांना पुन्हा काम मिळेल असं काही करायला हवं. साधारण तीन आठवड्यांनी त्याने गादीच सोडली.

1948 ला हूव्हरचा धुलाई यंत्रांचा कारखाना आला, पण तोही एकटाच मोठा. 2009 ला तो बंद झाला तेव्हा गाव पुन्हा तिथेच.

---

भाता

सांडशी, आता पूर्ण सहमत. खनिजाने कारखाना कुठे असेल ते ठरवलं, गाव का बसलं ते तुमच्या उत्तरात आहे.

आपल्या जवळचं उदाहरण भद्रावती. विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली 1923 ला लोणारी कोळशावरची भट्टी पेटली, गाव तिच्याभोवती वाढलं. 2023 च्या जानेवारीत कारखाना बंद करायचा निर्णय झाला, मग लाटणी काही प्रमाणात पुन्हा सुरू झाली. तिथेही प्रश्न हाच की कारखान्याच्या फाटकाबाहेर किती धंदे उभे राहिले.

---

लिंबोणी

कुणी कार्डिफला जात असेल तर तिथे बघायला काय उरलंय?

---

रूळवाला

कार्डिफहून गाडीने साधारण तास. कवार्थवाच्या भट्ट्यांची रांग डोंगराच्या कडेत बांधलेली अजून उभी आहे. वरच्या सपाटीवरून माल थेट तोंडात ओतता यावा म्हणून अशी बांधणी. समोर 1825 चा विल्यम क्रॉशेचा वाडा, त्यात संग्रहालय. 'चॅपल रो' या गल्लीतलं कामगाराचं छोटं घरही बघा, वाड्यानंतर लगेच.

त्याच्या जवळ टॅफवर पोंट-इ-कॅव्हनाय नावाचा 1793 चा बिडाचा छोटा पूल आहे, त्यावरून ट्रामरस्ता आणि पाण्याचा पाट दोन्ही जायचे. बांधणारा वॉटकिन जॉर्ज मूळचा सुतार. सांधे जवळून बघा: लोखंडाला खाचा ठेवून तुळया एकात एक बसवल्यात, थेट लाकडी चौकटीसारख्या. बोल्ट मारायची सवय तेव्हा लागायची होती.

आणि दक्षिणेकडे जुन्या ट्रामरस्त्याने चालत गेलात तर खाली बघत चाला. गवतात दोन रांगांनी दगडी ठोकळे दिसतील, प्रत्येकाच्या मध्ये बोटभर भोक. तीच ती गुट्टीची जागा.